ताईचा कान आणि भाऊजींचं थिएटर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कवळ्या बनवतात. गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. 'बत्तीशीवाले' म्हटलं की पोस्टमनसुद्धा न विचारता दारात येतो. लोकांच्या तोंडात बत्तीशी बसवणारा हा माणूस स्वतःची मात्र सहसा कुणाला दाखवत नाही. ताईच्या लग्नाचे फोटो काढून बघा. आम्ही सगळे दात काढून हसतोय आणि नवरामुलगा आमच्या दातांकडे बघतोय.

दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात. भाऊजी घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून साचा करतात, मेणात एकेक दात लावतात, कवळी तयार झाली की ती मशीनवर घासत बसतात. या धंद्यात त्यांचा एकच नियम आहे. कवळी लागते अशी तक्रार आली की कवळी पुन्हा घासायला घ्यायची, माणसाशी वाद घालायचा नाही. डॉक्टर फोनवर सांगतात, "अहो, त्या आजी जरा कटकट्या आहेत, मनावर घेऊ नका." भाऊजी म्हणतात, "तोंड त्यांचं आहे. त्या म्हणतात लागतंय, म्हणजे लागतंय." आणि मशीन पुन्हा सुरू. तक्रार करणारी माणसं त्यांना मनापासून आवडतात. त्यांचा राग आहे तो समोर 'छान बसली, छान बसली' म्हणून घरी गेल्यावर कवळी खणात टाकून देणाऱ्यांवर. "माझं काम खणात पडून राहतं आणि मला पत्तासुद्धा लागत नाही," हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

पुढे जो गोंधळ झाला तो या नियमापायीच झाला, म्हणून आधी सांगून ठेवलं.

झालं असं की एका डॉक्टरांनी नवीन घर बांधलं आणि भाऊजींना तिथे सिनेमा बघायला बोलावलं. घरातच थिएटर, भिंतभर पडदा, चारी बाजूंनी आवाज. भाऊजी परत आले ते गप्पच. ताईला वाटलं, तिथे काही बोलाचाली झाली असणार. सकाळी उठून बघते तर हे मागच्या खोलीत फरशीवर आडवे पडून टेपने भिंत मोजतायत.

"बाजारात सगळं तयार मिळतं," मी म्हटलं. "माणसं येऊन बसवूनही जातात."

"तयार कवळी कुणाच्या तोंडात बसते का?" भाऊजी म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

मागच्या खोलीत तोवर ताईचं इस्त्रीचं टेबल, जुन्या गाद्या आणि ज्या कुणालाच नको असतात पण टाकवत नाहीत अशा वस्तू सुखाने नांदत होत्या. त्या सगळ्यांची रवानगी जिन्याखाली झाली. स्पीकरचे खोके भाऊजींनी प्लायवूड कापून स्वतः केले, आणि त्यांचे कोपरे असे घासले की हात फिरवला तर दाढेची आठवण यावी. भिंतींवर लाकडी चौकटी ठोकल्या, त्यांत लोकरीसारखं काहीतरी ठासून भरलं. त्याने म्हणे आवाज घुमत नाही. चौकटींवर काळं कापड, खिडकीला काळा पडदा, सिनेमाच्या पडद्याभोवती काळी पट्टी. मी शिलाईचं काम करते, त्यामुळे हे सगळं अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडे कपडे टाकायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "हल्ली नुसतं काळंच शिवतेस, वकिलांचे कोट घेतलेस की काय?" त्या खोलीतल्या प्रत्येक कापडावर माझी टीप आहे. ज्या जागी अंधारच करायचा तिथे टीप सरळ आली नाही म्हणून भाऊजींनी माझ्याकडून उसवून घेतलीय.

थिएटर उभं राहिलं. खरंच चांगलं झालं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पडद्यावर कुणी दार वाजवलं की आम्ही आमच्या दाराकडे बघायचो. फक्त त्या खोलीत आम्ही एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. नायक मरायला टेकलाय, आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलंय, आमच्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि भाऊजी उठून सिनेमा थांबवणार. "मागच्या स्पीकरला जरा घाई होतेय." मग स्टुलावर चढायचं, तो स्पीकर बोटभर सरकवायचा आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावायचा. आमच्यापुरता तो नायक अजून जिवंत आहे.

आवाज मोजायला त्यांच्याकडे एक बारीक माइक होता. तो बरोबर मधल्या खुर्चीत, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर उभा करायचा असतो. मधली खुर्ची ताईची. "अगं, जरा ऊठ," म्हणून भाऊजी तिला उठवायचे, तिच्या जागी माइक बसवायचे, आणि ताई बिचारी मोजणी होईपर्यंत भिंतीला टेकून उभी.

"ताई, सवत आणली गं तुला," मी एकदा म्हटलं.

"असू दे," ताई म्हणाली. "बोलत तरी नाही."

पण माइकचा शब्द शेवटचा नव्हता. शेवटचा शब्द ताईच्या कानाचा. ताईने नोकरीची सगळी वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. पलीकडच्याने बोलण्याआधी नुसता श्वास घेतला तरी कोण आहे ते ती ओळखायची. भाऊजींना याचा केवढा अभिमान. "माझ्या कानात आयुष्यभर मशीनची घरघर," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पण हिचा कान म्हणजे कान." म्हणून थिएटरमध्ये काहीही बदल केला की ताईची परीक्षा व्हायची. ताईने मधल्या खुर्चीत बसायचं. भाऊजी तिच्या पाठीमागे यंत्रांपाशी उभे राहून एकेका स्पीकरमधून वाळू ओतल्यासारखा आवाज सोडायचे. आवाज जिकडून आला तिकडे ताईने हात करायचा. सगळं झालं की भाऊजी विचारायचे, "कसं वाटतंय?" ताई म्हणायची, "छान." तेवढ्या एका शब्दावर त्यांचा आठवडा जायचा.

आणि ताईचा डावा कान गेलेला होता.

एकदम नाही, हळूहळू गेला. मला कळलं ते फोनमुळे. जन्मभर डाव्या कानाला रिसीव्हर लावणारी ताई अचानक उजव्या कानाला लावायला लागली. मग एकदा आम्ही बाजारात निघालो तर चालता चालता ही सारखी माझी बाजू बदलतेय. मी उजवीकडे असले तर ठीक, डावीकडे गेले की ही पुढून वळसा घालून पलीकडे. मी भर रस्त्यात थांबले आणि विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग कबूल झाली.

"डॉक्टरकडे चल."

"नको. ते कानात मशीन घालतील, आणि ते यांना दिसेल."

"दिसू दे की. नवरा आहे तो तुझा, इन्स्पेक्टर नाही."

"तुला कळत नाही," ताई म्हणाली. "दिसलं की ते ती खोली मोडून टाकतील. मी ओळखते ना त्यांना. म्हणतील, तुलाच ऐकू येत नाही तर ठेवायचं कुणासाठी? आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घासले त्यांनी. एवढा एक आनंद आहे, तो माझ्या कानापायी नको जायला."

वर तिने मला तिच्या गळ्याची शपथ घातली. मूग गिळून बसणं माझ्या स्वभावात नाही, हे माझ्या सासरमाहेरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला दुकानात कुणी रांग मोडलेली खपत नाही, पण बहिणीच्या शपथेपुढे मी तोंडाला कुलूप लावलं. माझ्या पोटात ते रोज दुखायचं.

नुसतं गप्प बसूनही भागणार नव्हतं, कारण परीक्षा होत्याच. त्यावर आम्ही उपाय काढला. मी पडद्याशेजारी स्टुलावर ताईच्या समोर बसायचं आणि आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूचा कान खाजवायचा. मागून आला तर मान खाजवायची. पहिल्या दिवशी माझी डावी बाजू आणि तिची डावी बाजू यांचा घोटाळा झाला आणि भाऊजी संध्याकाळभर वायरी उलटसुलट करत बसले. नंतर आमचा हात बसला. फक्त भाऊजी एकदा काळजीने म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्या कानाला मलम लावा काहीतरी. या खोलीत आलात की फारच खाज सुटते तुम्हाला."

असं बरंच चाललं असतं. पण भाऊजींनी कुठेतरी वाचलं की डोळे उघडे असले की कान आळशी होतो.

त्या दिवशी त्यांनी खिशातून धुतलेला, घडी घातलेला रुमाल काढला आणि ताईच्या डोळ्यांवर बांधला. बांधला तोही कसा, गाठ केसांत अडकू नये म्हणून दोनदा सोडून पुन्हा. मी समोर स्टुलावर, कानाशी हात नेऊन बसलेली, आणि तो बघायला कुणी नाही. भाऊजींनी डावीकडच्या स्पीकरमधून आवाज सोडला. ताईने थोडा वेळ घेतला आणि हात उजवीकडे केला. मग मागच्या डावीकडच्यातून सोडला. हात उजवीकडे. समोरून सोडला, तरी उजवीकडे.

"सगळं उजवीकडूनच येतंय?" भाऊजींनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. रुमालाखाली दुसरं काय म्हणणार?

दुसरा कुठलाही नवरा असता तर म्हणाला असता, तुझं लक्ष नाही, नाहीतर कान तपासून घे. माझ्या नवऱ्याने तर दोन्ही म्हटलं असतं आणि वर टोमणा मारला असता. भाऊजींच्या हे मनातही आलं नाही. त्यांनी खुर्चीत माइक लावला. माइक म्हणाला सगळं ठीक. ते स्वतः खुर्चीत बसले, डोळे मिटून ऐकलं, त्यांनाही डावं डावीकडून आणि उजवं उजवीकडून ऐकू आलं. मग ते उठले आणि म्हणाले, "ही म्हणते उजवीकडून, म्हणजे उजवीकडूनच येत असणार. आपल्याला कळत नाहीये." आणि पेचकस शोधायला गेले.

तिथून मोडामोडीला सुरुवात झाली. आधी डावीकडचा स्पीकर खाली आला, मग त्याचा खोका उघडला गेला. ज्या कोपऱ्यांना त्यांनी दाढेसारखी चकाकी आणली होती तिथे पेचकसाचे ओरखडे उठले. काही सापडलं नाही. मग उजवीकडचा उतरला, कारण डावा आणि उजवा एकमेकांत बदलून बघायचे होते. संध्याकाळी सगळं पुन्हा जोडून रुमाल बांधून परीक्षा.

ताईने मधल्या वेळात विचार केला होता. मागच्या वेळी आपण सारखं उजवीकडे म्हणालो, तिथेच फसलो, तर आता डावीकडे म्हणू या. म्हणून तिने या खेपेला प्रत्येक आवाजाला हात डावीकडे केला.

भाऊजींनी रुमालाची गाठ सोडली. मग म्हणाले, "दोष सरकला." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे हा फिरता दोष आहे. फिरता दोष फार वाईट."

हसावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. पण फिरता दोष म्हटल्यावर काहीच सुटणार नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण निघालं. वूफर, म्हणजे धमधम आवाजाचा तो जाडा खोका, गडगडत पॅसेजमध्ये आला आणि त्यावर लोक चपला ठेवायला लागले. चौकटी उतरल्या, कारण आवाज त्यांवर आपटून फिरत असेल. काळी कापडं सुटली. मी उसवून उसवून घातलेली टीप त्यांनी ब्लेडने सर्रकन कापली, आणि माझा अगदी तिळपापड झाला. मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

"सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता सांग."

"आता कसं सांगू? एवढं उघडून बसलेत."

"तुला ती खोली वाचवायची होती ना? जा, बघ जाऊन तिची काय दशा झालीय. तू सांगितलं असतंस तर त्यांनी मोडली असती की नसती देव जाणे. न सांगून मात्र मोडली, ती आपल्या डोळ्यांदेखत."

"दोष नाही सापडला की थांबतील गं."

"कोण, भाऊजी थांबतील? एका आजींची कवळी त्यांनी त्या आजी गेल्यावरच घासायची थांबवली."

ताई भांडं विसळत राहिली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करतात ते मला येत नाही. मी तणतणत घरी गेले.

रविवारी सकाळी गेले तर मागच्या खोलीतून ड्रिल मशीनचा आवाज. वायरी भिंतीच्या आतून नेल्या होत्या, आणि उघडायची राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भिंत. भाऊजी डोक्याला पंचा गुंडाळून स्टुलावर चढलेले, प्लास्टरचे टवके खाली पडतायत, खाली माझ्या काळ्या कापडांचा ढीग पांढरा होत चाललाय. ताई दारात उभी होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती सरळ आत गेली, स्टुलापाशी उभी राहिली आणि बोलली. काय बोलली ते मला तिच्या ओठांवरून कळलं, पण ड्रिलच्या आवाजात भाऊजींना अक्षर ऐकू गेलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं.

"काय म्हणालीस?"

त्या वेळी तिला 'चहा ठेवू का' म्हणून निसटता आलं असतं. ताईने पुन्हा सांगितलं, आणि कानाने कमी ऐकणाऱ्यांचं होतं तसं गरजेपेक्षा मोठ्याने सांगितलं.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुमच्या स्पीकरला काही झालेलं नाही."

शेजारच्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला, तो आम्हा दोघांनी ऐकला.

भाऊजी खाली उतरले. त्यांनी ताईच्या डाव्या कानाकडे बघितलं, साच्यात चीर कुठे गेलीय ते बघतात तसं, वाकून, अगदी जवळून.

"कधीपासून?"

"वूफर आणलात, त्याच्या आधीपासून."

वूफरच्या नंतर काय काय झालं ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. मागचे स्पीकर, चौकटी, पडदे, सगळ्या परीक्षा. ते वूफरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "मग छान म्हणायचीस, ते कशावरून?"

"तुमच्या तोंडावरून," ताई म्हणाली. "मनासारखं झालं की तुमच्या तोंडावर दिसतं. सिनेमा कोण बघत होतं? तुम्ही सिनेमा बघायचात आणि मी तुमच्याकडे."

मला वाटलं, आता विरघळतील. कुणीही विरघळला असता.

"म्हणजे तू पण खणात ठेवणाऱ्यांतलीच," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यांनी उरलेलं सगळं उतरवलं. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. पण ते एकेक वायर गुंडाळत होते, तिला दोरा बांधत होते, स्पीकर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ओळीने ठेवत होते. पडदा खाली घेऊन नळीत भरला. जिन्याखालून ताईचं इस्त्रीचं टेबल परत आणून खोलीच्या मधोमध उभं केलं आणि दार लोटून घेतलं. ताई म्हणाली होती तसंच झालं. ती खाटेवर बसून रडली, मोठ्याने, कारण हळू रडण्याचा अंदाज आता तिला येत नव्हता. मी पदर खोचून पुढच्या खोलीत गेले. आज एकेक हिशेब चुकता करायचा होता.

"भाऊजी, चार लोकांच्या तोंडाचं तुम्हाला कळतं आणि बायकोच्या मनातलं कळू नये? तिने काय तुमची फजिती करायला लपवलं?"

भाऊजी हातात एक अर्धी घासलेली कवळी घेऊन बसले होते, मशीन बंदच होतं.

"मी तिला उठवून माइक बसवायचो," ते म्हणाले.

मी खोचलेला पदर सोडला.

"खोलीची लांबी मोजली, रुंदी मोजली, तिच्या खुर्चीची उंची मोजली. तिला फक्त एवढंच विचारायचो, कसं वाटतंय. ती छान म्हणाली की पुढे विचारायचो नाही. मला छानच ऐकायचं होतं." कवळी खाली ठेवून ते म्हणाले, "तिने तक्रार करावी असं मी कधी वागलोच नाही."

मी भांडायला गेले होते आणि मला भांडण सापडेना. शेवटी त्यांच्यासमोर प्लास्टर लागलेली कापडं टाकून म्हटलं, "ही धुवायची तुम्ही," आणि आले. रस्त्यात मला रडू आलं, ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे तिला तेच घेऊन गेले. मीही गेले होते, नाहीतर या दोघांनी तिथेही एकमेकांना सांभाळून घेण्याच्या नादात काहीतरी घोळ घातला असता. तिथे कान तपासायला एक काचेची छोटी खोली असते, बाहेरचा आवाज आत येत नाही. ताई आत कानांना हेडफोन लावून बसली आणि भाऊजी बाहेर त्या खोलीची भिंत बोटाने ठोकून बघू लागले. तपासणाऱ्या बाईंना म्हणाले, "आत काय भरलंय? कापड कुठलं आहे हे?" बाईंनी त्यांना दोनदा खुर्चीत बसायला सांगितलं. आधीच यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण कान पुरता गेलेला नव्हता, यंत्राने भागण्यासारखं होतं. यंत्र आलं तेव्हा भाऊजींनी त्याचा कानात बसणारा भाग डोळ्याला भिंग लावून तपासला आणि कडेचं पॉलिश नीट नाही असा निकाल दिला. ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

यंत्र लागलं आणि आमची गरीब ताई एकदम कटकटी झाली. नळ किती मोठ्याने वाहतो. वर्तमानपत्राची पानं कुणी अशी उलटतं का? चमचे आपटू नका. भाऊजींना म्हणाली, "तुम्ही जेवताना किती आवाज करता."

"मी?"

"मग काय मी? इतकी वर्षं असेच जेवत होतात?"

"असाच जेवत असेन," भाऊजी म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी एखादं नाजूक काम करावं तसा तोंडात ठेवला. ताई अजून काही म्हणतेय का, म्हणून तिच्याकडे बघत बसले. तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ते एकीकडे ऐकत होते आणि एकीकडे त्यांची भूक वाढत होती, हे मी समोर बसून पाहिलंय.

नंतर एका दुपारी मी भाऊजींनी धुतलेली कापडं पुन्हा शिवून त्यांच्या घड्या द्यायला गेले, तर मागच्या खोलीचं दार उघडं. इस्त्रीचं टेबल भिंतीला सरकवलेलं. मधे ताईची खुर्ची आणि खुर्चीत ताई. बाकी खोली उघडीबोडकी, भिंतीत ड्रिलने पाडलेलं भगदाड तसंच. भाऊजी स्टुलावर चढून एकच स्पीकर दोन्ही हातांनी भिंतीशी धरून उभे. खाली फरशीवर दुसरे सगळे अजून वर्तमानपत्रांत गुंडाळलेले. त्यांनी एक जुना सिनेमा लावला होता, नुसता आवाज, चित्र नाही. कुणीतरी बाई कुणाला तरी हाक मारत होती.

"माइक कुठाय?" मी विचारलं.

"कशाला हवाय माइक?" भाऊजी म्हणाले. मग ताईला, "आता कसं वाटतंय?"

ताईचं तोंड उघडलं. ते कुठल्या शब्दासाठी उघडलंय हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने तो शब्द गिळला, बोटाने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"वाईट," ती म्हणाली.

"किती वाईट?"

"पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं. आणि ती बाई किंचाळते कशाला?"

भाऊजींनी स्पीकर वितभर डावीकडे सरकवला. त्यांचे हात भरून आले होते, स्टूल हलत होतं, मी जाऊन ते धरलं.

"आता?"

"हे तर त्याहून वाईट."

"कुठे वाईट ते सांग," भाऊजी म्हणाले. "सगळं सांग. मला घाई नाही."

ताई खुर्चीतून उठली, स्टुलापाशी आली आणि मान वर करून सांगायला लागली.